रामजन्माचा बार

नेकारसुल्म
१२ जानेवारी २०२५

दादा,

नमस्कार पायाशी पोचला असं समज आणि पुढे वाच, कारण मला बातमी सांगायची घाई झालीये. फोनवर ती सांगता येत नाही. तुला फोन करायचा म्हणजे मी इकडे बोंबलायचं, तू तिकडे "हां हां, पाऊस नाही" म्हणायचं, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंनी छताला झाडूचा दांडा आपटायचा. म्हणून हे पत्र.

तर बातमी अशी, की तुझी धाकटी बहीण, वय वर्षे एकोणसाठ, काल ठासणीच्या बंदुकीतून गोळी झाडून आली.

बसलास ना? की अजून उभाच आहेस?

झालं काय, हे जाऊन आता दोन वर्षं होतील. रुपेश दर रविवारी झिंडेलफिंगेनहून येतो, माझा फ्रीज उघडून बघतो, गोळ्यांचा डबा मोजतो आणि "आई, जिना जपून" असं बजावून जातो. पोरगा गुणी आहे, पण त्याने मला शोकेसमध्ये ठेवलंय. नोव्हेंबरात इथल्या शूत्सेनफेराइनचा, म्हणजे नेमबाजांच्या मंडळाचा, सगळ्यांना खुला असा एक दिवस होता. फुकट कॉफी आणि प्लमचा केक होता म्हणून गेले, खोटं कशाला बोलू! आत टेबलावर बघते तर काय, ठासणीची बंदूक. आबांच्या बंदुकीची सख्खी बहीण म्हण. तोच घोडा, तसाच गज. फरक इतकाच की ही अलीकडे इटलीत बनवलेली नक्कल होती, नवीकोरी.

मी सवयीने गज उचलला आणि नळी धुवायची कशी ते तिथल्या लोकांना दाखवायला लागले. आधी कढत पाणी, मग चिंधी, मग तेल. फ्राऊ हेबर्ले म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई तिथे सगळ्यांवर हुकूम चालवतात. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हटलं, वडिलांची बंदूक मी आठव्या वर्षापासून धूत आलेय. आणि झाडलीत किती वेळा? म्हटलं, एकदाही नाही, झाडायचा माझा दादा. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला तुझा राग आला. पन्नास वर्षांनी, पण आला खरा.

आता इथला कायदा ऐक. जुन्या धर्तीची, एका वेळी एकच बार भरायची अशी बंदूक अठरा वर्षांवरच्या कोणालाही विकत घेता येते. पण तिच्यात भरायची दारू घ्यायला परवाना! मी म्हटलं, आपण हुशारी करू. काळ्या दारूऐवजी वापरायची म्हणून एक बदली दारू मिळते असं ऐकलं होतं. काळी नाही, म्हणजे परवाना नाही, असा माझा हिशोब. गेले ऐटीत दुकानात. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "आल्झो, हे बघा, बदली असली तरी दारूच ती. परवाना तोच." तोंड एवढंसं करून परत आले.

परवान्याआधी परीक्षा, परीक्षेआधी कोर्स, आणि कोर्सच्याही आधी उनबेडेंकलिषकाइट्सबेशायनिगुंग. शब्द लिहिताना पेन गरम झालं. म्हणजे या बाईबद्दल सरकारला काही चिंता नाही, असा दाखला. तो परवा आला. जर्मन सरकारला माझी चिंता नाही, दादा. फक्त रुपेशला आहे.

परवाना मिळेपर्यंत फ्राऊ हेबर्ले त्यांच्या परवान्यावर, मंडळाच्या रेंजवर, स्वतः बार भरून देतात आणि शेजारी उभ्या राहतात. मी फक्त नेम धरते. रुपेशला यातलं काही माहीत नाही. शनिवारी मी म्हाताऱ्यांच्या योगाला जाते अशी त्याची समजूत आहे. तू मुक्ताच्या कानावर घालू नकोस हं. तुझी लेक म्हणजे आकाशवाणी, संध्याकाळपर्यंत रुपेशला कळेल.

तुझी नेमबाज,
सुधा

*

कोंडवाडी, ता. कुडाळ
४ फेब्रुवारी २०२५

काय गो सुधे,

आशीर्वाद तर आहेतच, आज दोन जास्त घे, लागतील तुला.

पत्र मुक्ताच्या हाती पडू नये म्हणून गोठ्यात बसून वाचलं. हसताना ठसका लागला तर म्हैस उठून उभी राहिली. गोळी झाडलीस हे ऐटीत लिहिलंस, लागली कुठे ते एकदाही नाही. म्हणजे लागली नाही.

आबांनी तुला बंदूक झाडू दिली नाही हे खरं. "तिला पण दे" असं मी कधी म्हटलं नाही, हेही खरं. त्यावर आता काय लिहू? पुढे जातो.

नकली बंदूक, बदली दारू आणि खरा परवाना. जर्मन लोक हुशार म्हणतात ते हेच का? असो. इथे माझ्या मानेवर सुरी आहे ती ऐक.

रामजन्माचा बार काढायचा मान आपल्या घराचा, आबांच्याही आजोबांपासूनचा, तुला ठाऊकच आहे. गेल्या रामनवमीला ठीक बाराला पाळणा हलला, गुलाल उडाला. देवळामागच्या शेतात मी नळी दरडीकडे करून उभा, पोलीस पाटील परवानगीचा कागद घेऊन लांब उभे, माणसं त्यांच्याही मागे. चाप ओढला. फुस्स! दारू दमट निघाली. खालच्या वाडीने जे हसू काढलं, ते माझ्या उजव्या कानालाही ऐकू आलं, आणि त्या कानाला घंटासुद्धा ऐकू येत नाही. तुला मी कळवलं नाही. काय तोंडाने कळवू?

दिवाळीनंतर गावकीची बैठक झाली. ठरलं असं, की यंदाही बार निघाला नाही तर मान खालच्या वाडीला. सुधे, मी एकाहत्तर वर्षांचा झालो. चार पिढ्यांचा मान माझ्या हातून गेला तर आबांच्या फोटोला हार कुठल्या हाताने घालू? झोप लागत नाही मला.

कुडाळच्या दुकानातल्या दारूत आता पूर्वीचा दम नाही. तेव्हा तुझी ती बदली दारू काय चीज आहे ते सविस्तर कळव. माप मात्र मला शिकवायला जाऊ नकोस. दारू ओतायची, काथ्या ठासायचा, गज नळीबाहेर किती बोटं उरला ते बघायचं. आबा बोटांनी मोजायचे, मीही बोटांनी मोजतो. तुमच्यासारखे काटे आणि मशिनं लागत नाहीत आम्हाला.

दादा

*

नेकारसुल्म
२७ फेब्रुवारी २०२५

दादा,

पेढे वाट! तुझी बहीण परीक्षा पास झाली. वर्गात बावीस पुरुष आणि मी. पहिल्या दिवशी एकाने मला कॉफी कुठे मिळेल असं विचारलं, त्याला वाटलं मी कँटीनची. शेवटच्या दिवशी त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले मला. परवान्याचा कागदही आला.

गोळी कुठे लागली म्हणून विचारतोस? पत्रासोबत जोडलेला पुठ्ठा बघ. मधल्या काळ्या वर्तुळात भोकं तीन. म्हशीला पण दाखव.

आता माझी फजिती ऐक. पंचवीस वर्षं गाड्यांच्या इंजिनिअरशी संसार केल्यावर एक गोष्ट अंगात भिनते, की अंदाजपंचे काही करायचं नाही. मी दागिन्यांच्या दुकानात असतो तसला नाजूक काटा आणला. काळी दारू जितक्या वजनाची भरतात, बरोबर तितक्याच वजनाची बदली दारू तोलली, तीन आकड्यांपर्यंत. मोठ्या कौतुकाने फ्राऊ हेबर्लेंना दाखवायला गेले. बाई ओरडल्या, "हाल्ट!" अख्खी रेंज थबकली.

कारण बदली दारू हलकी असते, दादा. भाजके पोहे आणि साधे पोहे सारख्या वजनाचे घेतलेस तर भाजक्यांचा ढीग केवढा होतो? तसंच. वजनाला वजन लावलं तर भलताच जास्त बार भरला जातो. ती मोजायची मापानेच. काळ्या दारूचं जे पितळी माप, तेच सपाट भरून हिचं माप. बाईंनी माझा काटा कपाटात बंद करून टाकला आणि म्हणाल्या, याच्यावर घरी केकचं पीठ तोला.

मग मला तुझी बोटं आठवली. गज किती बोटं वर उरला ते बघणं म्हणजे तरी काय, मापच की ते, वजन नव्हे! गेनाऊ, अगदी तेच. मी तुझ्या बोटांना मनात हसले होते, ते हसू परत घेते. इंजिनिअरची बायको चुकली आणि कोंडवाडीचा दादा बरोबर निघाला.

बदली दारू दिसायला करडी असते. धूर कमी, नळी कमी बरबटते, धुवायला सोपी. जुन्या दारूचं माप तेच हिचं, दुसरं काही बदलायला नको. तिकडे कुठे मिळते का बघ ना. तुझा रामजन्म पार पडेल आणि तुला झोप लागेल. ते "झोप लागत नाही" वाचल्यापासून मलाही नीट लागत नाहीये.

रुपेशला अजून पत्ता नाही. परवा म्हणाला, "आई, योगाने तुझे खांदे चांगले झाले गं." मी म्हटलं, "हो रे, श्वासावर लक्ष ठेवते."

सुधा

*

कोंडवाडी
१७ मार्च २०२५

सुधे,

मिळाली! जर्मनीत जिच्यासाठी कोर्स करावा लागतो ती आपल्या भास्करच्या कपाटात पडली होती.

भास्कर म्हणजे पाणंदीपलीकडचा, माझा शाळासोबती. त्याच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे. तिची काही काडतुसं जुनी झाली होती, ती आम्ही दोघांनी बसून फोडली. आतून निघाली बघ, करडी, बारीक चकत्यांसारखी. हुबेहूब तुझं वर्णन. तरी खात्री करावी म्हणून चिमूटभर कौलावर जाळून पाहिली. धूर म्हणशील तर जवळजवळ नाहीच, आणि कौल स्वच्छ. भास्कर म्हणाला, सुधाने अगदी बरोबर लिहिलंय.

बामच्या रिकाम्या बाटलीत भरून देवघरात ठेवली आहे, म्हणजे दमट होणार नाही. माप जुनं तेच, तूच लिहिलंस. आपली बोटं. उगाच जपून भरणार नाही, गेल्या वर्षीचं फुस्स भरून काढायचं आहे. काथ्याही चांगला दाबून ठासणार.

रामनवमी सहा एप्रिलला, रविवारी. ठीक बारा वाजता कान नेकारसुल्महून इकडे लाव. मला गेले आठ दिवस मेल्यासारखी झोप लागते आहे, ती तुझ्यामुळे. पन्नास वर्षांत तुझ्याकडून काही शिकेन असं वाटलं नव्हतं, शिकलो.

पुठ्ठा म्हशीला दाखवला. तिने चाटला.

दादा

*

नेकारसुल्म
६ एप्रिल २०२५, दुपार

दादा,

आज नमस्कार नाही.

तुझं पत्र काल पेटीत पडलं. मी दिवसभर रेंजवर होते. आज सकाळी कॉफी घेऊन बसले, पाकीट फोडलं, "बारा बोअर" हे शब्द वाचले आणि घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून पाच मिनिटं. म्हणजे तुमच्याकडे अकरा पस्तीस.

अरे, ती काडतुसातली बिनधुराची दारू, दादा! बदली दारू ती नव्हे! बदली दारू ठासणीच्या बंदुकीसाठीच बनवलेली असते, डब्यावर तसं ठसठशीत लिहिलेलं असतं. काडतुसातली दारू जुन्या मापाने आबांच्या नळीत भरणं म्हणजे नळी फोडून हातात घेणं. कोर्सच्या पहिल्या तासाला पहिलं वाक्य हेच शिकवतात. आणि मी शहाणी, तुला भाजक्या पोह्यांची गोष्ट लिहिली आणि हे पहिलं वाक्यच लिहिलं नाही. मला वाटलं, हे काय सांगायचं! देवा रे.

मुक्ताला फोन केला. उचलेना. सात वेळा केला. भास्करचा नंबर माझ्याकडे नाही. तुला करून उपयोग नाही हे ठाऊक असून तुलाही केला, तुझ्या उशाशी वाजला असेल. इतक्यात रुपेश ब्रेत्सेल पावांची पिशवी घेऊन दारात. "आई! छातीत दुखतंय का?" म्हटलं, मामाने बंदुकीत भलती दारू भरलीये, बाराला उडवणार, हात जाईल रे त्याचा, नाहीतर जीव. तर म्हणतो, "तुला काय माहीत त्यातलं?" मग एका दमात सगळं ओकले. योगा नाही, फेराइन आहे, परीक्षा झाली, परवाना त्या ड्रॉवरमध्ये आहे. पोरगा ब्रेत्सेल धरून उभाच.

पण खरं सांगते, पुढचं त्यालाच सुचलं. देवळातला कार्यक्रम गावातलं कोणीतरी मोबाईलवर थेट दाखवत होतं. रुपेशने तो लावला. पाळणा, बायका, कीर्तनकार, आणि पुढच्याच रांगेत आपली मुक्ता, फोन पर्समध्ये. त्याने खाली लिहिलं, "मुक्ताताई, फोन उचल. मामाला थांबव. बंदूक फुटेल." तेच पाच वेळा लिहिलं. आठ सत्तावीसला एका बाईने मुक्ताच्या खांद्याला हात लावून आपला मोबाईल दाखवला. मुक्ता उठली आणि चित्राबाहेर धावली.

मग फक्त पाळणा आणि गुलाल. साडेआठ वाजले, ढोल सुरू झाले. बार ऐकू आला नाही. तो निघालाच नाही की ढोलात बुडाला, ते कळेना. रुपेशने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. सहा मिनिटांनी मुक्ताचा फोन आला, "आत्या, थांबवलं. अजून केप लावायची होती त्यांनी." घोड्याखालची, ठिणगी पाडणारी ती टिकलीएवढी तांब्याची केप! तिच्या अलीकडे थांबलास. मी जमिनीवर बसले आणि रडले. रुपेशही रडला, बाप गेला तेव्हा रडला नव्हता तितका.

मग रविवारची पर्वा न करता फ्राऊ हेबर्लेंना उठवलं. मुक्ताला फोनवर ठेवून त्यांचं एकेक वाक्य सांगितलं, ते तुझ्यासाठी पुन्हा लिहिते. नळी दरडीकडेच राहू दे, कोणी समोर जायचं नाही. केप लावायची नाही. आतलं स्वतः उकरायचं नाही. काळी दारू पाण्याने मरते, पण ही मरेल याचा भरवसा धरायचा नाही. पोलीस पाटलांना खरं सांगून परवान्याच्या बंदूक दुरुस्तीवाल्याला तिथे बोलवायचं. आणि ती बामची बाटली पोलीस पाटलांच्या ताब्यात द्यायची, आजच. भास्करला सांग, काडतुसं फोडून दुसऱ्याला दारू देणं गुन्हा आहे, दोघांचे परवाने जातील. जाऊ देत.

तुझी चूक मोठी की माझी, ते मला ठरवता येत नाही. लगेच उत्तर पाठव. तुझ्या हाताने लिहिलेलं.

सुधा

*

कोंडवाडी
२७ एप्रिल २०२५

सुधे,

माझ्याच हाताने लिहितो आहे. अक्षर ओळखलंस ना?

सावंतवाडीहून बंदूकवाला आला. त्याने नळीचं मागचं आट्यांचं बूच खोलून दारू कागदावर काढली, नखावर घेऊन पाहिली आणि मला विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, लेक. म्हणाला, "तिला साडी घ्या एक." नळी केळ्यासारखी सोलली असती म्हणाला, आणि डावा हात नळीखालीच असतो. मुक्ताला साडी घेतली. तिला रंग आवडला नाही.

ठाण्यात आम्ही दोघे म्हातारे जाऊन आलो. साहेब माझ्या लेकीच्या वयाचे, त्यांनी आम्हाला उभं करून झापलं. भास्कर वाटेत म्हणाला, शाळेची आठवण झाली. चौकशी संपेपर्यंत दोन्ही बंदुका जमा आहेत. मिळतील की नाही, देवाला ठाऊक.

मान गेला. त्याच दिवशी देवळाच्या पायरीवर उभा राहून मीच सांगितलं, बार निघणार नाही, चूक माझी आहे. पुढच्या वर्षीपासून खालची वाडी. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

तुझी चूक नाही गो. तू एक वाक्य लिहायला विसरलीस, मी तर विचारायचंच विसरलो. तुझ्याकडे नवी दारू, नवा परवाना, वर्तुळात तीन भोकं, आणि मी इथे फुस्स. मलाही काहीतरी नवं हवं होतं. कौलावर जाळून पाहिली ती दारू तपासायला नाही, आपल्यालाही कळतं हे स्वतःला दाखवायला.

आता एक गोष्ट सांगतो. मुक्ताला, भास्करला, बंदूकवाल्याला, कोणालाच सांगितलेली नाही.

मी केप लावली होती. बाराच्या ठोक्याला, ढोल सुरू झाले तेव्हा चाप ओढलासुद्धा. केप फुटली. आतली दारू पेटली नाही. बंदूकवाल्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ही दारू केपेच्या ठिणगीला कधी दाद देते, कधी देत नाही. तिथली माणसं लांब होती, ढोलात केपेचा आवाज कोणाला ऐकू जाणार? मी फुटकी केप झटकली आणि खिशातून दुसरी काढली. हसतील, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं, सुधे. तू नाही, मुक्ता नाही, देवही नाही. केप चिमटीत होती तेव्हा मुक्ताने मागून हात धरला. ती ओरडत आली होती म्हणे, मला ऐकू आलं नाही. केप गवतात पडली. तिला वाटलं पहिलीच. मी तसंच वाटू दिलं.

तू आणि रुपेश ढोल ऐकत बसला होतात ना, तेव्हाच हे झालं. कोणाला तरी सांगायला हवं होतं. मुक्ताला सांगू नकोस.

दादा

*

नेकारसुल्म
१६ मे २०२५

दादा,

तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. गॅसवर चहा होता तो आटून भांडं काळं झालं.

मुक्ताला सांगितलं. आज सकाळीच, सगळं. तू नको म्हणालास, मी ऐकलं नाही. माझं गुपित राखायला तू पत्रं गोठ्यात नेऊन वाचलीस. माझं फेब्रुवारीतलं पत्र त्या पोरीने वाचलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला तिने मला फोन करून विचारलं असतं, आत्या, काडतुसातली चालते का? मार्चातच मिटलं असतं. तेव्हा माझी-तुझी गुपितं बंद. ती आधी रडली, मग म्हणाली, आत्या, मी बाबांशी आठ दिवस बोलणार नाही. मी म्हटलं, दहा कर.

रुपेश आता शनिवारी मला रेंजवर सोडतो. मी कानाला संरक्षक नीट लावलेत का ते तपासतो आणि फ्राऊ हेबर्लेंना माझ्याबद्दल दहा प्रश्न विचारतो. त्या म्हणतात, जा, जा, तुमची आई ठीक आहे, तुम्ही कॉफी घ्या.

मी तुझ्यावर चिडलेय. पहिल्या केपेबद्दल नाही, ती अज्ञानाची होती, आणि त्यात निम्मा वाटा माझा. दुसरीबद्दल. हसतील म्हणून! खालची वाडी हसली असती, खरं आहे. हसली असती, सुंठवडा घेतला असता आणि आपापल्या घरी जेवायला गेली असती. तुला घास मात्र मुक्ताला भरवावा लागला असता, तोही तू वाचलास तर.

बाकीचं तोंडावर बोलणार आहे, पत्रात मावत नाही. चार जूनला गोव्यात मोप्याला उतरते, मुक्ता गाडी घेऊन येईल. तू विमानतळावर येऊ नकोस, फुलं आणू नकोस, म्हशीलाही सजवू नकोस. गाडीचा हॉर्न तुला ऐकू येणार नाही, म्हणून मी दार वाजवेन, जोरात.

तू फक्त ते दोन्ही हातांनी उघड.

सुधा